गुरुवारी बदलणारी झोप

मी भोचक आहे. लोकांनी पाठीमागे म्हणण्यापेक्षा मीच तोंडावर सांगून टाकते, म्हणजे विषय मिटला. थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत मी कंपनीतल्या पोरांना डबे करून देते. लातूरकडून आलो, नवरा इथे कामाला लागला, लेकरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, आणि मला काही रिकामं बसवेना. दिवसभर पोळ्या लाटताना खिडकीतून जे दिसतं ते मी बघते. दिसलं तर बघू नको का? डोळे मिटून पोळ्या लाटू?

त्या खिडकीतून समोर दिसतो सोजरबाई ओव्हाळांचा ओटा. सोजरबाई सत्तरी ओलांडलेल्या, करमाळ्याकडच्या, अंगाने काटकुळ्या आणि तोंडाने माझ्यापेक्षाही तिखट. त्यांचे मालक जयसिंगराव पिंपरीत एका कंपनीच्या प्रेसशॉपला होते. रिटायर झाले, काही वर्षं दोघं सुखात राहिले, मग एका सकाळी हार्टने गेले. आता घरात सोजरबाई, मुलगा सनी, सून मिनल आणि मिनलची तान्ही पोर, मैत्री.

सोजरबाईंना झोप येत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. ज्याला त्याला त्यावर उपाय ठाऊक. कुणी दुधात जायफळ उगाळून दिलं, कुणी तळपायाला काशाची वाटी घासायला सांगितली. मी खसखशीची खीर करून दिली. ती त्यांनी मिटक्या मारत खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी वाटी परत देताना म्हणाल्या, "खीर झकास व्हती बघ. झोपंचं म्हणशील तर काय न्हाई." मला असा राग आला! खसखशीचा भाव काय झालाय आजकाल!

इतकी वर्षं हे असंच चालून गेलं. म्हातारं माणूस जागं राहिलं काय आणि झोपलं काय, मनावर कोण घेतं? पण मैत्रीचा जन्म झाला आणि गोष्ट वेगळी झाली. मिनल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बाळंतपणाची रजा संपली की तिला परत कामावर जायचं होतं, आणि नातीला आपणच सांभाळायचं हे सोजरबाईंनी मनात पक्कं धरलं होतं. पोरीची अंगडीटोपडी शिवून झाली, तिला निजवायला जुन्या लुगड्याची झोळीसुद्धा बांधून झाली.

आणि एका दुपारी ते झालं. मिनल न्हाणीत होती. सोजरबाई पोरीला मांडीवर घेऊन खाली गोधडीवर बसल्या होत्या आणि बसल्या बसल्या त्यांना गाढ झोप लागली. पोर मांडीवरून घसरली, गोधडीवरच पडली, पण पालथी. रडायला लागली तरी आजीला जाग नाही. मिनल ओल्या केसांनी धावत आली आणि तिने पोरीला उचललं. पोरीला काही झालं नव्हतं. मिनल ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी तिने सनीला शांतपणे सांगितलं, "आपण पाळणाघर बघू."

मी तिला गाठलंच. म्हटलं, "अगं, सख्खी आजी घरात असताना?"

"काकू, माझा आईंवर विश्वास आहे," ती म्हणाली, "त्यांच्या झोपेवर नाही. मी तिकडे चाकणला उभी असणार आणि माझा जीव इथे टांगलेला. मी काय करू, तुम्हीच सांगा." तिचं खरं होतं.

सोजरबाई माझ्याकडे येऊन रडल्या. जयसिंगराव गेले तेव्हा सगळ्यांना सावरणारी बाई, पण त्या दिवशी पदर तोंडात कोंबून रडली. "कस्तुरा, मी हितं धडधाकट बसायचं आन् माझी नात परक्या बाईच्या हातात? मला त्या लेकराबिगर ऱ्हायलंय काय गं?" एवढी एकच गोष्ट मागत होती बाई.

सनीने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला, तरुण, नीट विचारणारा. चहा किती, मिश्री लावता का, बीपी आहे का, पाय दुखतात का. शेवटी त्याने हेही विचारलं, "मावशी, कधी शिफ्टमध्ये काम केलंय का?" सोजरबाई म्हणाल्या, "न्हाई बा. मी घरीच." खोटं काय त्यात? त्याने थोड्या दिवसांसाठी हलकी गोळी दिली. गोळीने रात्री डोळा लागायचा, पण दिवसा अंगावर अशी सुस्ती यायची की भिंत धरून चालायच्या. मिनलने ते बघितलं आणि पाळणाघरवालीला फोन करून जागा धरून ठेवायला सांगितलं.

आता माझं ऐका. मला यात एक गोष्ट केव्हाची खुपत होती. झोप येत नाही, तर ती रोज सारखीच यायला नको ना? पण तसं नव्हतं. कधी मी अंधारात गॅस पेटवला की सोजरबाईंचा ओटा झाडून, सडा घालून तयार. "चहा टाक गं" म्हणून हाक यायची. असं काही दिवस चालायचं. मग एकदम पालटायचं, ऊन वर आलं तरी त्यांचं दार बंद. आणि कधीकधी सकाळी ओट्यावर डोळे लाल करून बसलेल्या आणि दुपारी अशा घोरायच्या की माझ्या पोळपाटापर्यंत ऐकू यावं. झोप न येणारी बाई घोरते कशी, सांगा मला!

मी डोकं लावलं. आधी वाटलं, पौर्णिमा-अमावस्येचं काहीतरी असेल. कॅलेंडर बघितलं, जुळेना. मग हरभऱ्याच्या डाळीवर संशय घेतला, गॅस होतात ना. बंद करायला लावली. डाळीचा काही दोष नव्हता, उगीच बिचाऱ्या महिनाभर पुरणपोळीला मुकल्या. नवरा म्हणाला, "अगं, तुला दुसरा धंदा नाही का?" म्हटलं, आहे की, पण त्यात इतकं डोकं लागत नाही.

एवढं मात्र कळलं की जे काय बदलतं ते गुरुवारी बदलतं. आमच्याकडे पिंपरी-भोसरीच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, रविवारची नाही. त्या दिवशी माझे डबे कमी, खिडकीत मी जास्त, म्हणून लक्षात आलं. पण गुरुवारी असं काय? गुरुवार दत्ताचा. ओव्हाळांच्या घरी वंदना बुद्धाची, त्यांना दत्ताशी काय देणंघेणं? मी पार चक्रावून गेले.

ते उलगडलं ते माझ्या तोंडच्या सवयीने. माझ्याकडे डब्याला येणारी पोरं दारात उभी राहिली की मी मान वर न करता एकच शब्द विचारते, "कोणती?" म्हणजे या आठवड्यात शिफ्ट कोणती. फर्स्ट असेल तर डबा पहाटे, सेकंड असेल तर दुपारी, नाईट असेल तर संध्याकाळी. ओंकार म्हणतो "सेकंड, काकू", प्रज्वल म्हणतो "नाईट", की माझं गणित बसलं. त्या शुक्रवारी माझे दोन्ही हात कणकेत होते, दारात सावली पडली आणि मी सवयीने विचारलं, "कोणती?"

उत्तर आलं, "आमची नाईट. कालपास्नं."

मी मान वर केली. दारात सोजरबाई, हातात विरजणासाठी वाटी. "अगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "मी काय बोलले हे?"

इथल्या कामगारांच्या बायका असंच बोलायच्या. नवऱ्याची शिफ्ट, पण बोलताना "आमची". "आमची या आठवड्यात फर्स्ट हाय, मी न्हाई यायची बाजाराला." त्या बोलण्यात कुणाला चूक वाटली नाही, कारण ती चूक नव्हतीच. मी गॅस बंद केला, सोजरबाईंना पाटावर बसवलं आणि म्हटलं, "मावशी, आता सगळं सांगा. मी उठू देणार नाही."

त्यांनी सांगितलं. फर्स्ट असली की जयसिंगरावांच्या आधी उठायचं, भाकरी थापायच्या, डबा भरायचा, म्हणून पोरं निजली की लगेच आडवं व्हायचं. सेकंड असली की मध्यरात्र उलटून कंपनीची बस यायची, ते आले की ताट वाढायचं, दोघांनी जेवायचं, मग सकाळी उशीर झाला तरी चालायचा. आणि नाईट? रात्री पोरांना घेऊन एकटीने राहायचं, तेव्हा इथे वस्ती विरळ, वाऱ्याने दार हललं तरी छातीत धस्स. आणि दिवसा ते झोपलेले, खोली एकच. भांडी घासायची नाहीत, दळण निवडायचं नाही, भंगारवाला ओरडत आला तर पळत जाऊन त्याला गप्प करायचं. मग करणार काय? त्यांच्या शेजारी आपणही पडायचं. लग्न झाल्यापासून हे असं, आणि गुरुवारी शिफ्ट पालटायची.

"पण ते तर रिटायर झाले होते की," मी म्हटलं.

"झाले. पण झोप कुटं रिटायर झाली? दोघंबी जागायचो. चहा करायचो, गप्पा मारायचो. दोघं जागत व्हतो तवा त्याला कुणी आजार म्हणलं न्हाई."

मी चिडले, कुणावर ते माहीत नाही. आयुष्यभर शिफ्ट करून ही बाई डॉक्टरला सांगते, मी घरीच!

मिनलला मी जशीच्या तशी हकीकत सांगितली. ती पोरीला थोपटत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या दुपारी आईंची नाईट होती."

दुसऱ्याच दिवशी तीच सोजरबाईंना घेऊन डॉक्टरकडे गेली. मी बरोबर होतेच, विचारायचं काय त्यात? डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं, मधे बोलला नाही. मग म्हणाला, शरीराला एकदा अशी वेळ लागली की ती आपोआप सुटत नाही, पण सोडवता येते. रोज ठरल्या वेळी निजायचं, ठरल्या वेळी उठायचं, आठवडा कुठलाही असो. सकाळी उन्हात बसायचं, दुपारी पाठ टेकायची नाही. गोळी त्याच्या देखरेखीखाली हळूहळू बंद. "लगेच गुण येणार नाही, मावशी. महिनेही लागतील." मिनलने तिथल्या तिथे सांगितलं की ती कंपनीत बिनपगारी रजा मागेल. बघू या म्हणाली. एवढंच म्हणाली, पण सोजरबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

काम सोपं नव्हतं. दुपारी पापण्या मिटायला लागल्या की मी समोरून हाका मारायचे, नाहीतर लसूण सोलायला बसवायचे. माझ्या डब्यांचा सगळा लसूण त्यांनी सोलला, फायदा माझाच. फर्स्टचा आठवडा बरा गेला. नाईटच्या आठवड्यात हाल झाले, चिडचिड, रडारड, मला दोन शिव्याही बसल्या. तरी निभावलं. पण सेकंडचा आठवडा आला की बाई ऐकेना. मिनल अंथरूण घालायची, आणि ह्या भिंतीला टेकून बसून राहायच्या. असं एकदा झालं, पुढच्या खेपेलाही तेच. मिनलची बिनपगारी रजाही सरत आली.

एका दुपारी त्या माझ्याकडे लसूण सोलत बसल्या होत्या, तेव्हा मात्र मी खवळले. "मावशी, नात पाहिजे ना तुम्हाला? मग हे काय चाललंय?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "सेकंडला मी आतनं कडी काढून बसायची. त्यांच्या बुटाचा आवाज आला की दार लोटायची. शेजारीपाजारी निजलेले असायचे ना. त्यांना कवा दार वाजवाय लागलं न्हाई बघ, एकदाबी न्हाई." सोललेली पाकळी सुपात टाकून म्हणाल्या, "मी निजले तर कडी कोण काढंल?"

मी त्यांच्यापुढचं लसणाचं सूप आपल्याकडे ओढलं आणि सोलत बसले.

त्यानंतर चारेक दिवस त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी दात घासत बघते तर समोरच्या ओट्यावर कोवळ्या उन्हात सोजरबाई बसलेल्या, मांडीवर मैत्री. मिनल कंपनीचा ड्रेस घालून, पर्स खांद्याला लावून उभी. चौकात तिची बस येणार होती. ती पोरीकडे बघत होती, मग सासूकडे, आणि पाय काही निघेना.

सोजरबाई म्हणाल्या, "जा तू. मी झोपून उठलीय."

मिनलने वाकून पोरीचा मुका घेतला आणि भराभरा निघाली. मी तोंड धुऊन तशीच ओट्यावर गेले. भोचक ती भोचकच. विचारलं, "खरंच झोपलात? सेकंडचा आठवडा असून?"

"झोपले. कडी लावून झोपले." त्यांनी मैत्रीची लाळ पदराने पुसली. "लई वाईट वाटलं गं कस्तुरा. आता ते आले तर भाईर उभे ऱ्हातील, ह्याच इचारात डोळा लागला."

"मग?"

"मग काय. सकाळपतोर कुणी दारच वाजवलं न्हाई."