दोन कस्तुराबाई, एक पेटी

उज्ज्वला फक्त एवढंच म्हणाली होती, की काका, जरा दुकानाकडं पाहजा. मी जरा जास्तच पाहिलं, आणि कामरगावात मिरची पिकवणाऱ्या कस्तुराबाईला गाडीभर यात्रेकरूंच्या जेवणाची मागणी जाऊन धडकली.

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागं, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत उज्ज्वलाचं दुकान आहे. सकाळी ती बाजारात बसून बापाच्या, म्हणजे बबनरावांच्या, मळ्यातली मेथी विकते आणि ऊन चढलं की इथं येऊन गावोगावच्या बचत गटांचे ईमेल चालवते. प्रत्येक गटाचा पत्ता आपापल्या गावाच्या नावाचा, पण आत सगळी गावं एकाच सर्व्हरवर नांदतात. काम करताना ती शीळ घालते. शीळ थांबली की समजावं, कुठंतरी माशी शिंकली.

या सर्व्हरात दोन गडी आहेत, असं तिनं मला एकदा समजावलं होतं. एक हमाल, एक कोठीवाला. बाहेरून आलेलं पत्र हमालानं कोठीच्या खिडकीपर्यंत आणायचं, हा माणूस तुमच्याकडं राहतो का म्हणून विचारायचं आणि पत्र आत द्यायचं. स्वतः कोठीत शिरायचं नाही. पेटीत टाकणं कोठीवाल्याचं काम.

"बाजारात क्रेटले चिंधी कायले बांधतात काका? बबनराव तं गावोगाव हायेत. चिंधीचा रंग पाह्यला की गाव समजते."

पत्त्यात नावामागं गाव लागतं, ती ही चिंधी. मी मान डोलावली. मान डोलावणं आणि समजणं यांचा संबंध माझ्या सबंध नोकरीत कधी आला नव्हता, तो इथं कुठून यायला?

त्या दिवशी हमाल आणि कोठीवाल्याची नवी जोडणी अर्धी सोडून ती बाजारात गेली. पडद्यावर कोठीवाल्याला दिलेली सूचना उघडीच होती: पेटी ओळखायची ती नाव आणि गाव, दोन्हींवरून. मला वाटलं, एवढं लांबण कशाला? आपल्याकडं 'कस्तुराबाई' म्हटलं की माणसं थेट चुलीपर्यंत नेऊन सोडतात. मी गाव खोडलं, तिनंच कधीतरी दाखवलं होतं तसं सगळं पुन्हा सुरू केलं आणि समाधानानं चहाला गेलो.

झालं! कामरगावची कस्तुराबाई आणि शिरपूरची कस्तुराबाई एका पेटीत आल्या. शिरपूरची बाई जैन यात्रेकरूंना जेवण करून देते. कामरगावच्या बाईचा गट मात्र एका पत्राची वाट पाहत होता. अमरावतीच्या एका मोठ्या खानावळीनं पहिल्यांदाच त्यांची मिरची विचारली होती आणि भाव पत्रानं कळवतो, त्याला चारच्या आत होकार आला नाही तर दुसरीकडून घेऊ, असं बजावलं होतं. ते पत्र आलं, शिरपूरच्या बाईनं आधी उघडलं, आपण कुठं मिरच्या विकतो असं म्हणून पुसून टाकलं.

दुपारी कामरगावहून फोन आला.

"उज्ज्वला, मिरचीचं काही आलं नाही व माय. अन् गाडीभर लोकं जेवाले येऊन राह्यले म्हणतात, कांदा नको, लसूण नको, आलू नको. या म्हटलं मी. पण काहून येऊन राह्यले?"

शीळ थांबली. उज्ज्वलानं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी पंख्याकडं पाहिलं. तो बंद होता.

तिनं खोडलेलं गाव परत लिहिलं, दोघी बायांना एकेक चाचणीचं पत्र धाडलं आणि फोन करून पोचल्याची खात्री केली. मग पुसलेल्या पत्रांच्या टोपलीतून खानावळीचं पत्र काढून कामरगावच्या पेटीत ठेवलं. चारच्या ठोक्याआधी होकार गेला. खानावळीचं उत्तर आलं, पाठवा. शीळ पुन्हा सुरू झाली, आणि माझा श्वासही.

इकडं शिरपूरच्या बाईनं आपले यात्रेकरू परत मागायला कामरगावला फोन लावला. यात्रेकरू मिळाले, पण फोन काही खाली ठेवला जाईना. तुमच्याकडं गोबी होते का, दोडके कसे आहेत, इथपर्यंत गाडी गेली. आता कामरगावची भाजी हिरवी चिंधी बांधून मंगरूळपीरवरून शिरपूरला जाते, आणि दोघी एकमेकींना 'मैतरीण' म्हणतात.

परवा बसस्टँडवर ते क्रेट चढताना पाहिले आणि मला राहवेना. दुकानात येऊन म्हटलं, "उज्ज्वला, खरं सांग, हे सगळं कोणामुळं जुळून आलं?"

तिनं शीळ न थांबवता चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मी विचारतच राहिलो, तेव्हा कुठं म्हणाली,

"काका, पासवर्ड बदलवून टाकला म्या."