फाट्यावरची मोजणी

आमच्या गावातली संघरत्ना चाळिशीची, बारावी झालेली, घरीच शिवणकाम करते. गेल्या मार्चमध्ये शहापूर-मुरबाड रस्त्यावर आमच्या फाट्याला वाहनं मोजायचं काम निघालं, ते तिनं तीन दिवसांसाठी घेतलं. पुढच्या वीस वर्षांत इथे किती कोंडी होईल आणि ती टाळायला रस्ता कसा सुधारावा, हे ठरवायला एका सल्लागार कंपनीला आकडे हवे होते.

फॉर्मवर ट्रक, बस, कार, रिक्षा, दुचाकी असे रकाने होते. चालणाऱ्यांचा रकानाच नव्हता. आणि तिच्यासमोरून तर सगळं गाव रस्ता ओलांडत होतं. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, रेशनचं दुकानही पलीकडेच. सोनूबाई भाजीची पाटी घेऊन दिवसातून चारदा जायची-यायची.

"हिला कुठं लिहू?" संघरत्नानं विचारलं.

"मॅडम, फक्त गाड्या," सुपरवायझर म्हणाला.

तरी तिनं आपल्या शिवणाच्या मापांच्या वहीत पायी जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक रेघ ओढली.

मे महिन्यात तालुक्याला सभा झाली. पडद्यावर तीन पर्यायांचा तक्ता लावला होता: दुभाजक घालून चौपदरी रस्ता, उड्डाणपूल, किंवा गावाबाहेरून वळणरस्ता. चौपदरीला सर्वांत जास्त गुण, कारण प्रत्येक गाडीची चार मिनिटं वाचणार होती. दुभाजकात ओलांडायची फट मात्र सव्वा किलोमीटरवर. तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पादचारी नगण्य.'

संघरत्ना उठली. आवाज न चढवता तिनं सोबत आणलेली मापांची वही उघडली.

"मोजणी मी केली. तीन दिवसांत तीन हजार चारशे बारा माणसं चालत गेली. नगण्य कोण म्हणालं?"

"ताई, ते आमच्या स्कोपमध्ये नव्हतं," कंपनीचा इंजिनिअर म्हणाला.

"गाडीवाल्याची चार मिनिटं स्कोपमधी हाय. सोनूबाय डोक्यावर पाटी घेऊन अडीच किलोमीटर फिरणार, तो टाइम कुणाच्या तक्त्यात? आमाला मोजायचंच नाय, तर सभेला बोलावलं कशाला?"

अधिकारी म्हणाले, लेखी द्या. तिनं तिथेच बसून अर्ज लिहिला, गावातून आलेल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पोचेचा शिक्का सापडत नाही म्हणून उद्या या, असं सांगितलं गेलं. ती दीड तास बाकावर बसून राहिली. शेवटी शिक्का सापडला.

दिवाळीनंतर फेरमोजणी लागली. या वेळी फॉर्मवर पादचाऱ्यांचा रकाना होता, आणि तक्त्यात भुयारी वाटेसकट चौपदरी रस्ता असा चौथा पर्याय आला होता. निर्णय अजून व्हायचाय. मोजायला मात्र संघरत्नाला बोलावलं नाही, वाशिंदहून पोरी आणल्या.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाईट कशाला? राग येतो. माणसं पायानं चालतात, हे पण सिद्ध करायला लागलं."

मग ती फाट्यावर जाऊन त्या पोरींना म्हणाली, "साडेबाराला शाळा सुटते गो. तवा जेवायला उठू नका."