शार्प पोरगी
अन्याय झाला तो सातवीतल्या माझ्या बाकावरच्या मैत्रिणीवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पेन्सिलीच्या सालींचा वास आला की मला ती सकाळ आठवते. ऊसतोडीला निघालेला ट्रक शाळेसमोर थांबला होता, आत पूजेचं कुंकू लागलेले कोयते होते. गुरुजी तिच्या बापाला म्हणाले, “पोरगी शार्प हाय, ठेवा हितंच.” बाप म्हणाला, “शार्प हाय म्हणूनच नेतो. बारक्याला सांभाळून मोळ्या बांधती. अन् ठेवू कुणापाशी, गुरुजी? तुमी ठेवता का घरी?” गुरुजी हजेरी घ्यायला आत गेले. तिनं माझ्या हातात शार्पनर ठेवलं, “आल्यावर घेते.” ते अजून माझ्याकडंच आहे. दिवाळीनंतर तुमच्या गावच्या शाळेत कुणाचा बाक रिकामा राहणार ते दसऱ्याआधीच विचारा, आणि त्या लेकराला गावातच ठेवून घ्या.