धारेची वेळ

वडगाव रासाईच्या मुक्ताबाईंना कुणी विचारलं, की बाई, तुम्ही जन्मात केलं काय, तर त्या सरळ सांगतील, धारा काढल्या. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूने हातात चरवी दिली. तेव्हापासून पहाटे एक धार आणि दिवस कलताना एक, आणि जे काही आयुष्य म्हणायचं ते या दोहोंच्या मधल्या वेळात. माहेरी गेल्या तरी उन्हं उतरायच्या आत परत. लेकीच्या लग्नात, तिकडे तळेगाव ढमढेऱ्याच्या मांडवात, नीलमची पाठवणी चाललेली आणि आईचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. लेक एका गाडीत बसली, आई दुसरीत बसून गोठ्यात आली. नीलम अजून ते बोलून दाखवते आणि मुक्ताबाई अजून ते ऐकून घेतात.

बरं, दुसऱ्या कुणी धार काढावी म्हणाल, तर त्यांच्या दोन्ही गायी दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडायच्या नाहीत. आनंदरावांनी दोनतीनदा बसून पाहिलं. एकदा लाथ खाल्ली, एकदा चरवी सांडली, आणि मग ‘तुझ्याच हाताचा गुण हाय बाई’ असं म्हणून ते जे उठले ते कायमचे. नवरा माणूस कौतुक करून काम अंगावरून कसं उतरवतो ते बायकांना चांगलं कळतं, पण कळून उपयोग काय?

गेल्या वर्षापासून मात्र हातांनी जाब विचारायला सुरुवात केली. रात्री बोटं बधिर व्हायची, सकाळी पोलक्याचे हुक लागेनात. शिरूरच्या डॉक्टरांनी मनगटं दाबून पाहिली आणि स्वच्छ सांगितलं, की आता धार बंद करा, नाहीतर पुढे हातात भाकरीसुद्धा धरता येणार नाही. मुक्ताबाईंनी ते घरी आल्यावर नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. आनंदरावांनी आठवडा तसाच ढकलला. शेवटी परवा व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि दोन्ही गायी गेल्या. मुक्ताबाई घरातून बाहेर आल्या नाहीत. आनंदराव बाहेर होते, पण तेही टेम्पोकडे पाठ करूनच.

दुसऱ्या दिवशी दोघं घरात नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी आनंदरावच म्हणाले, की चल, नदीपल्याड केडगावला बाजाराला जाऊन येऊ, तुला लुगडं घेऊ, हॉटेलात जेवू, सावकाश अंधार पडल्यावर परत येऊ. मुक्ताबाईंना खरं वाटेना. भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका. तिकडे कितीदा तरी गेल्या होत्या, पण लग्नाला नाहीतर मयताला, आणि प्रत्येक वेळी पळतच. नवऱ्याबरोबर नुसतं हिंडायला म्हणून कधी नाही.

जीपमध्ये बसल्यावर, पूल यायच्या जरा अलीकडे, आनंदरावांनी खिडकीतून बाहेर बघत हळूच विषय काढला. चौफुल्याजवळ त्यांच्या ओळखीच्या एकाकडे कालवड होती. स्वभावाने गरीब आहे म्हणे. जाता जाता नुसती बघू, बघायला काय जातं?

 नुसतं बघायला गेलेला शेतकरी नुसता परत येत नाही, हे काय मुक्ताबाईंना ठाऊक नव्हतं? आज कालवड, उद्या ती गाभण, परवा व्यालेली, आणि ह्या पुन्हा तिच्या कासेखाली. हा बाजार, हे लुगडं, सगळं त्याचसाठी होतं की काय? त्यांनी एवढंच सांगितलं, की कालवड बघायची असेल तर मी इथेच उतरते. आनंदराव पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. 

केडगावात सकाळ बरी गेली. सुट्टी मिळालेल्या माणसाला सुट्टी वापरायची माहिती नसली की जे होतं, ते या दोघांचं झालं. आनंदरावांना चपला घेतल्या. स्टीलचा एक डबा घेतला, घरात तसले सहा असताना. मग हॉटेलात मिसळ खाल्ली. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या मुक्ताबाईंचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा आनंदरावही समोर मान टाकून झोपलेले. वेटर दोनदा येऊन टेबल पुसून गेला होता. इतक्या वर्षांचा शीण अंगात साठलेला, तो एका दुपारच्या झोपेत थोडाच जाणार होता. उठल्यावर दोघं जास्तच थकल्यासारखी दिसत होती.

पुढे रस्त्यात जनावरांच्या सामानाचं दुकान लागलं. आनंदराव थांबले. त्यांनी गुरांच्या तोंडाला बांधायची एक म्होरकी हातात घेतली, दोरीचा पीळ अंगठ्याने दाबून पाहिला, घुंगरू वाजवून पाहिलं. मुक्ताबाई चार पावलं पुढे उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांना राग आला, आणि रागाच्या मागोमाग वाईटही वाटलं. हा माणूस पहाटे उठून शेण काढायचा, चाऱ्याची कुट्टी करायचा, गायींशी बोलायचा. बायकोशी बोलायचा त्याहून जास्त त्यांच्याशीच बोलायचा. आता तो बोलणार कुणाशी? आपल्या दोन हातांपायी याचा गोठा रिकामा झाला, असं त्यांच्या मनात आलं. आनंदरावांनी म्होरकी परत खुंटीला अडकवली आणि चालू लागले.

लुगड्याच्या दुकानात मात्र मुक्ताबाई गादीवर ऐसपैस बसल्या. दुकानातल्या मुलीने ढीग घातला. निवडता निवडता दोन उरली, एक जांभळं आणि एक डाळिंबी. जांभळ्यावर हात फिरवत असताना बाहेरचं ऊन दुकानाच्या पायरीवरून खाली सरकलं, आणि मुक्ताबाई ताडकन उठल्या. उशीर झाला म्हणाल्या. लुगडी तशीच पसरलेली, मुलगी आ वासून बघत राहिली. आनंदरावांनीही विचारलं नाही, की कशाला उशीर. त्यांनी पिशव्या उचलल्या आणि बायकोच्या मागे जवळजवळ पळत सुटले. जीप भरली नव्हती, तर ड्रायव्हरला दोघांनी मिळून भंडावून सोडलं.

जीप पुलावर आली तशा मुक्ताबाई पदर खोचत म्हणाल्या, “गेल्या गेल्या तुम्ही कुट्टी टाका. मी धारेला बसते.”

“व्हय,” आनंदराव म्हणाले.

खाली नदी, समोर आपला तालुका. जीप अर्ध्या पुलावर गेली असेल, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. दोन शहाणीसुरती माणसं, रिकाम्या गोठ्याकडे ऊर फुटेस्तोवर पळत निघालेली. मुक्ताबाईंना ओशाळल्यासारखं झालं. जन्मात एकदा मिळालेली संध्याकाळ त्यांनी स्वतःच्या हाताने टाकून दिली होती, आणि अडवायला कुणी आलंही नव्हतं.

आनंदरावांनी मात्र त्यातून भलताच अर्थ काढला. ते जवळ सरकून हळू आवाजात बोलले.

“म्हंजी तुलाबी करमंना. मंग उद्या जाऊन ती कालवड बघू का?”

मुक्ताबाईंनी उत्तर दिलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि हो म्हणायला हात तयार नव्हते. त्यात मघाच्या आपल्याच पळण्याने त्यांची बाजू लंगडी झालेली. जी बाई धारेसाठी बाजार टाकून पळते, तिने धार नको म्हणावं कसं? आनंदरावांनी बायकोचं गप्प राहणं हाच होकार धरला. ते खुशीत आले आणि शेजारच्या माणसाला कालवडीच्या खाणाखुणा सांगू लागले.

घरी आल्यावर त्यांनी पिशव्या ठेवल्या आणि चहा मागितला. मुक्ताबाईंनी चुलीवर आधण ठेवलं, साखर-पत्ती टाकली आणि दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. पातेलं कोरडं होतं. गायी टेम्पोत चढवण्याआधी काढलेलं शेवटचं दूध त्यांनी पुन्हा पुन्हा तापवून दोन दिवस पुरवलं होतं, ते सकाळी संपलं. दिवसभर बाजार हिंडून चपला आणल्या, डबा आणला, पण दूध विकत आणायचं असतं हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. या घरात ते कधी विकत आलंच नव्हतं.

आनंदराव म्हणाले, राहू दे, कोरा पिऊ. लोक काय म्हणतील, असंही म्हणाले. मुक्ताबाईंनी किटली उचलली आणि त्या डेअरीवर निघाल्या. मागून आनंदरावही आले, पण जरा अंतर ठेवून.

डेअरीवर रांग होती. सगळी ओळखीची माणसं, सगळ्यांच्या हातात भरलेल्या किटल्या. मुक्ताबाईंची पाळी आली तसा डेअरीवाला सम्राट नेहमीसारखा मापाचा डबा पुढे सरकवून किटली घ्यायला वाकला. मुक्ताबाईंनी किटली उघडून त्याच्यापुढे धरली. आत काहीच नव्हतं.

“आज घालायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “न्यायचं हाय.”

रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली. सम्राटने अर्धा लिटर मापून ओतलं. मुक्ताबाईंनी किटली उचलली, पण बोटांनी दगा दिला. किटली कलंडली, थोडं दूध पायांवर सांडलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तिथेच उभ्या राहिल्या. आखडलेली बोटं सगळ्यांना दिसत होती, आणि ती लपवायची ताकद आता त्यांच्यात नव्हती.

आनंदराव मागे उभे होते. त्यांनी ते हात पाहिले. वर्षभर त्यांनी या हातांबद्दल ऐकलं होतं, मान डोलावली होती, डॉक्टरांकडे पाठवलं होतं, पण असे समोर धरून कधी पाहिले नव्हते. ते पुढे झाले आणि त्यांनी बायकोच्या हातातून किटली काढून घेतली.

“सम्राट,” ते म्हणाले, “उद्यापास्नं रोज अर्धा लिटर ठिवत जा आमचं.”