कटरेबाबूंचं पक्कं उत्तर

शामकला सुपात तांदूळ पाखडत होती आणि तिचे यजमान उदाराम कटरे कॉम्प्युटरसमोर बसून चहा थंड करत होते, तेवढ्यात गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या त्यांच्या घराचं दार वाजलं. दारात घामाघूम माणूस, आणि मागे मोटरसायकलवर चादरीत बांधलेला कॉम्प्युटरचा डबा.

"कटरेबाबू इथंच राहतेत का जी? मी ईश्वरदास, तिरोड्याहून आलो. लग्नपत्रिका छापतो. स्टेशनावर पत्ता विचारला."

"राहतेत न. पन त्यायले चहा तं पिऊ द्या आधी," शामकला म्हणाली.

गोंदिया स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत कटरेबाबूंची सगळी नोकरी गेली. बालाघाटची गाडी कधी, हे विचारणाऱ्या शंभराव्या माणसालाही पहिल्यासारखंच उत्तर. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर घेतला, तर तिथंही त्यांनी खिडकीच शोधली: कॉम्प्युटर अडलेली माणसं मराठीत मदत मागतात, अशी एक वेबसाईट. रोज तोच प्रश्न, जुनं ते नव्या कॉम्प्युटरवर चालेल का? बाकीचे जाणकार चिडायचे, 'आधीचं वाचा' म्हणून हाकलायचे. कटरेबाबू मात्र प्रत्येकाला आधी विचारायचे, तुमचं नेमकं काय आहे?

एकाचा जुना प्रिंटर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. प्रिंटरला कॉम्प्युटरशी जोडणारा ड्रायव्हरच जुना. कटरेबाबूंनी गोंदियाच्या रीतीनं समजावलं: छोटी लाईनचं, म्हणजे अरुंद रुळांचं इंजिन बडी लाईनच्या रुंद रुळांवर चालत नाही. वेबसाईट चालवणाऱ्यांना हे इतकं आवडलं की मागच्याच आठवड्यात त्यांनी ते उत्तर नावासकट सगळ्यात वर लावलं आणि 'जुनं नव्यावर चालेल का' हा प्रश्न पुन्हा विचारायची सोयच बंद केली. शामकलानं शेजारच्या मंदाबाईला हाताला धरून आणून ते नाव दाखवलं होतं.

"तेच वाचलं न बाबू," ईश्वरदास म्हणाला. "पत्रिकेचा प्रोग्राम जुना, म्हंजे छोटी लाईनच. आता हा नवा डबा दुकानदाराले वापस कराले नेऊन राहिलो, म्हटलं आधी तुमाले भेटून घ्यावं. जुना डबा बिघडला, म्हणून लगनसराईत गिऱ्हाईक परत धाडून राहिलो."

"लावून पाहिला का?"

"कायले पाहू? तुमीच तं लिवलं, चालत नाही म्हणून!"

"मंग मले विचारलं काऊन नाही?"

"विचारू कुठं? जागाच बंद हाय."

कटरेबाबूंनी डबा आत घेतला, तारा जोडल्या, ईश्वरदासनं आणलेली सीडी घातली. थोड्या वेळानं पडद्यावर गणपती उमटला आणि खाली कुण्या जुन्या वधूवरांची नावं.

"इंजिन नाही चालत, ईश्वरदास. पन प्रवासी तं उतरून दुसऱ्या गाडीत बसते न! हा प्रोग्राम प्रवासी होय. माझं उत्तर प्रिंटरचं होतं."

"मंग हे पन लिवून टाका वर."

"लिवीन. उद्या तिसरा येईल, त्याचं वेगळंच राहील."

ईश्वरदास हसत डबा बांधून गेला. कटरेबाबू पुन्हा पडद्यासमोर बसले. वरचं आपलं नाव जरा वेळ पाहत राहिले.

"अजी, नाव काढायले लावता का आता?" शामकलानं विचारलं. "मंदाबाई हसंल मले."

"हसू दे."

ते टाइप करू लागले. शामकला सूप बाजूला ठेवून मागे उभी राहिली. नाव लागलं त्या दिवशीही तिची मान इतकी ताठ झाली नव्हती. वेबसाईट चालवणाऱ्यांना त्यांनी लिहिलं: "माझं उत्तर वरून काढा आणि हा प्रश्न पुन्हा उघडा. ज्याला विचारायचं त्याला विचारू द्या. रोज विचारलं तरी मी सांगीन."