डाव्या बाजूचा भोंगा

आसगावच्या पानठेल्यावर मी एकदा फिजिक्स सांगितलं आणि टेकचंदभाऊंचा एक भोंगा कामातून गेला.

टेकचंदभाऊ म्हणजे गावाचं लाउडस्पीकर खातं. लग्न असो, बुद्धजयंती असो की सप्ताह, त्यांचे दोन भोंगे सगळीकडे सारखेच खरखरतात. त्या दिवशी ते एका जुन्या भोंग्याचं चुंबक हातात घेऊन बसले होते. बी.एस्सी.ला तिसऱ्यांदा बसलेला माणूस गप्प कसा राहणार?

“चुंबकाले दोन टोकं असतात, भाऊ. एकाच टोकाचा कण असावा असं गणित म्हणते. जगभर शोधून राहिले, कोणाले सापडला नाही.”

“मंग तोडाचं ना मधातून.”

“तोडलं तरी दोन्ही तुकड्यांले दोन-दोन टोकं. जिल्हा तोडला तं गोंदियाले कलेक्टर आला, भंडाऱ्याचाही राहिलाच. तसं.”

“त्याईनं नीट नसन तोडलं,” टेकचंदभाऊ म्हणाले.

मग त्यांच्या घरी हातोडी सुरू झाली. प्रत्येक तुकडा ते दोऱ्याला टांगलेल्या सुईजवळ नेऊन तपासत. एकदा त्यांच्या बायकोनं, उषावहिनींनी, मला विचारलं, “भाऊजी, परदेशात यासाठी काय करतात?”

“मोठमोठी यंत्रं बांधतात.”

“आनि सापडत नाही?”

“नाही.”

“मंग आमचं बरं हाय. आमाले स्वस्तात सापडत नाही.”

जुनं चुंबक संपलं, तेव्हा टेकचंदभाऊंनी चालू भोंग्याचं युनिट, म्हणजे चुंबक असतो तो मागचा डबा, खोललं. आणि दिघोरीच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक तोंडावर आलं. या नाटकांवरच त्यांचं वर्ष निघतं.

पडदा उघडला आणि नाटक मंडळीचे मॅनेजर गोपीचंद धावत आले. “डावीकडच्या लोकाईले काहीच ऐकू येऊन नाही राहिलं. असंच राहिलं तं पुढच्या वर्षी दुसरा लाउडस्पीकर.”

टेकचंदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “फिजिक्स तुमचं. तुमीच बोला.”

मी डावीकडच्या बांबूला धरून उभा राहिलो आणि प्रत्येक संवाद ओरडून सांगू लागलो. खलनायक जमला. पण नायिकेचं “नाथ, मी चालले” माझ्या गळ्यातून निघालं, तशी डावी बाजू हसून लोळली आणि म्हणाली, पुन्हा. उजवीकडे बाई एकदाच मेली, डावीकडे तीनदा.

गोपीचंदांनी तिथंच पुढच्या वर्षीचं नाटक टेकचंदभाऊंना दिलं. अट एकच: “डावा भोंगा हाच पाहिजे.”

नागपूरहून नवीन युनिट आणून देतो, असं मी त्या नाटकाच्या रात्री म्हणालो होतो. त्याला तीन मंडया झाल्या. तो कण अजून सापडायचा आहे, माझं युनिट अजून यायचं आहे. टेकचंदभाऊ काही विचारत नाहीत. मंडई जवळ आली की उषावहिनींच्या हाती ज्येष्ठमध तेवढं पाठवतात.