पुतळाबाईंचा निर्जळी उपास

माझ्या सासूबाईंचं नाव पुतळा. ज्याने ठेवलं त्याला हसावं की रागवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण ही बाई आयुष्यात कधी एका जागी उभी राहिलेली नाही. पायाला नुसती भिंगरी. जेवतानाही एक गुडघा उभा, म्हणजे कोणी हाक मारली तर ताटावरून चटकन उठता यावं. आमचं घर खांदेश्वर स्टेशनजवळच्या गावठाणात. पूर्वी यांची भातशेती होती, ती शहराला गेली. आता आमची तीन मजली इमारत आहे, खालचे दोन मजले आमच्याकडे, वर भाडेकरू आहेत. थोडक्यात, आईंनी पाय पसरून बसावं अशी सगळी सोय आहे. पण टाकीत पाणी चढलं का, गच्चीवर कोणाचे कपडे भिजतायत, कोणाच्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या कमी पडतायत, सगळीकडे आई हजर. भाकऱ्यांसाठी तर त्यांना पार तुर्भ्यापर्यंत बोलावणी येतात, आणि त्या नाही म्हणत नाहीत.

मी उन्नती, त्यांची सून. माहेर खारघरचं, माणसं मूळची सांगलीकडची. मी चिडकी आहे हे आधीच सांगून ठेवते.

आईंच्या बेंबीपाशी एक गाठ आली होती. ती त्यांनी कितीतरी महिने पदराखाली झाकली. एकदा परातीवर वाकून पीठ मळताना पदर सरकला आणि मला दिसली, चांगली लिंबाएवढी.

"आई, हे काय?"

"गॅस हाय."

"गॅस असा बाहेर येऊन बसतो?"

"तुमच्याकरं नसंल येत. आमच्याकरं येतं."

शेवटी केतनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, धमकी दिली की तो गावात सगळ्यांना सांगेल, आईला भाकऱ्यांना बोलावू नका. तेव्हा कुठे त्या नवीन पनवेलच्या डॉक्टरांकडे आल्या. हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, तिथून आतडं डोकावतंय. कधी त्यात अडकलं तर जिवावर बेतेल. तेव्हा थांबू नका. ऑपरेशन छोटं आहे, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी.

मी 'जिवावर बेतेल' एवढंच ऐकलं. आईंनी 'संध्याकाळी घरी' एवढंच ऐकलं. बाहेर पडल्या पडल्या म्हणाल्या, "सांचे घरी सोरतान? मंग काय मोठा नाय. येत्या मंगलवारी गावातल्या धर्मराजच्या पोरीची हळद हाय, मी भाकऱ्यांना हो बोललंय." मी रस्त्यातच भांडले. केतन आमच्या दोघींच्या मध्ये उभा राहून रिक्षाला हात करत होता.

सोमवारची तारीख मिळाली. आदल्या दिवशी हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन आला. मी मनस्वीला, माझ्या तीन वर्षांच्या मुलीला, आंघोळ घालत होते, म्हणून फोन आईंनी घेतला. सिस्टर काय म्हणाल्या विचारलं तर आई म्हणाल्या, "उद्या उपास धरून या बोलली. मना काय, मी तं सोमवार धरतेच."

इथे मला थांबायला हवं होतं. पण मी टॉवेल शोधत होते, आणि मनस्वी ओल्या अंगाने पळत सुटली होती.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये सगळं झटपट झालं. सिस्टरने विचारलं, "मावशी, काही खाल्लं नाही ना?" आई ताठ मानेने म्हणाल्या, "नाय गो. उपास हाय माजा, करक." सिस्टर खूश. आईंना तो मागून बंद होणारा हिरवा झगा दिला. तो घालून त्या खाटेवर बसल्या, पण हात स्वस्थ कुठले? चादरीच्या सुरकुत्या काढ, उशीचा अभ्रा सरळ कर, शेजारच्या बाईची पिशवी उचलून नीट ठेव.

शेजारच्या त्या बाईंचंही ऑपरेशन होतं. त्या म्हणाल्या, "भुकेनं गरगरतंय हो." आई त्यांच्याकडे सरकल्या आणि मायेने म्हणाल्या, "अगो, निगताना खिचरीचे दोन घास घ्याचे व्हते ना. साबुदान्याची. उपासाला चालतं. मी बशीभर खाल्ली, वर दुदाचा चा घेतला. बग, मना हाय का काय?"

रात्री ओट्यावर साबुदाणा भिजत होता, तो मी पाहिला होता. सोमवारी आमच्याकडे तो असतोच, म्हणून काही वाटलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात विचार काय करायचा, उठून सांगायचं. पण मी विचार केला, खरंच केला. आज हिला परत नेलं तर ही पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही. भाकऱ्या थापत बसेल आणि एक दिवस आतडं अडकेल. आणि सांगितलं नाही तर? भूल देतात म्हणजे काय करतात, हे मला धड माहीत नव्हतं. उपाशी का यायचं असतं, हेही माहीत नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की एवढ्या वेळा विचारतात, त्याअर्थी काहीतरी असणार. मग मी उठले आणि भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंना गाठून सांगितलं.

त्या चिडल्या नाहीत. आईंच्या खाटेशी आल्या आणि म्हणाल्या, "आजी, आज नाही करायचं. भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि श्वासाच्या नळीत जाऊ शकतं. फुफ्फुसात गेलं तर आम्हाला तुम्हाला वाचवणं अवघड होईल."

सिस्टर मात्र चारचौघांत मोठ्याने म्हणाली, "अहो मावशी, खिचडी हाणून आलात आणि उपाशी आहे म्हणता?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही नको वाटते. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी उपास म्हणजे भात नाही, भाकरी नाही, मासळी नाही. खिचडी, चहा, शेंगदाणे, केळं हे उपासाचंच असतं. आयुष्यभर प्रामाणिकपणे केलेला उपास, आणि त्यावरून सगळ्यांसमोर खोटारडी ठरल्या. तेही सुनेने उठून सांगितल्यामुळे. त्यांनी झगा काढला, लुगडं नेसल्या आणि केतनच्या गाडीत घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग अबोला. निरोप सगळे मनस्वीमार्फत. "मनु, तुज्या आयसला सांग, गॅस संपलाय." मनस्वी दोन हात लांब उभ्या असलेल्या मला येऊन सांगायची, "आई, गॅश शंपलाय." मीही हट्टी, मीही मनस्वीलाच सांगायची. आणि अबोल्यात आईंचा वेग दुप्पट. धर्मराजच्या मुलीच्या हळदीला गेल्याच. गच्ची धुतली, माळा उपसला. मी आतून धुमसत होते, आणि त्याहून जास्त घाबरले होते. त्या वाकल्या की मी हातातलं काम टाकून उठायचे.

एका दुपारी त्या मोरीत बादली उचलायला गेल्या आणि तशाच खाली बसल्या. चेहरा पिठासारखा पांढरा. गाठ फुगून टणक झाली होती आणि एरवी जशी दाबली की आत जायची, तशी जाईना. मी त्यांना तिथेच ओल्या फरशीवर आडवं केलं. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, निघा, लगेच या. केतन कंटेनर यार्डात कामावर. मी रिक्षा बोलावून ठेवली, इतक्यात गाठ आपोआप मऊ पडली आणि आत गेली. तरीही मी त्यांना तशाच घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या वेळी सुटलात, पुढच्या वेळची हमी नाही. याच आठवड्यात या.

आई नाही म्हणाल्या नाहीत. परत येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता.

आता आदल्या दिवशी मला नीट सांगणं भाग होतं. आमच्यात बोलणं नव्हतं, म्हणून मनस्वीला मध्ये बसवून मी सुरुवात केली. उपाशी, रिकाम्या पोटी, काही न खाता, सगळे शब्द वापरून पाहिले. आई भिंतीकडे बघत होत्या. मग मला एकदम सुचलं.

"आई, उद्याचा उपास हरतालिकेसारखा. निर्जळी. रात्रीचं जेवण झालं की संपलं. खिचडी नाही, चहा नाही, तपकीर नाही."

आई वळल्या. सासरे होते तोवर त्यांनी दर वर्षी कडक हरतालिका केली होती. निर्जळी म्हणजे काय, हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

"मंग निर्जली बोलाचा ना आदी," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी थेट माझ्याशी. मग विचारलं, "पन कोनासाठी?"

"म्हणजे?"

"हरतालिका नवऱ्यासाठी. सटवाईची सट पोरासाठी. सोमवार घरासाठी. ह्यो कोनासाठी?"

"तुमच्यासाठी."

"माज्यासाठी मी कनाला उपास धरू?" त्यांना हे खरंच कळत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "मग माझ्यासाठी धरा! मला सासू हवीय. घरात भांडायला माणूस हवंय मला. तुम्हाला काही झालं तर मी काय भिंतीशी बोलू?" मी रडत होते आणि ओरडत होते. मनस्वी घाबरून आजीच्या मांडीत शिरली. आईंनी तिला थोपटलं आणि म्हणाल्या, "बरा. धरतंय."

त्यांनी तो इतका चोख धरला की सकाळी नवीन पंचाईत झाली. त्यांची रोजची ब्लड प्रेशरची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई पाण्याला शिवायला तयार नाहीत. "निर्जली बोल्ली ना तू? मंग पानी कसा?" मी कपाळाला हात लावला. शेवटी डॉक्टर बाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या, "आजी, एक घोट घ्या, हा उपास मोडत नाही, मी सांगते." आईंनी डोळे मिटून, देवाची माफी मागावी तशी ती गोळी गिळली.

ऑपरेशन चालू असताना भिंगरी माझ्या पायाला लागली होती. केतन म्हणाला, "बस ना जरा." मी म्हणाले, "तूच बस." दार उघडलं की मी उठत होते. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "झालं, शुद्धीवर आल्यात, भाकऱ्यांचं काहीतरी बोलतायत." मी आणि केतन, दोघंही वेड्यासारखे हसलो.

संध्याकाळी त्यांनी चहा घेतला, तो पोटात राहिला. आधाराने चालल्या, लघवीला जाऊन आल्या, तेव्हा सोडलं. रात्रभर कोणीतरी जवळ राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. ताप, उलटी, जखमेतून पाणी, पोट फुगलं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता यायचं. आणि काही आठवडे वजन उचलायचं नाही.

खरी परीक्षा घरी. जिना नको म्हणून त्यांची खाट तळमजल्यावर पुढच्या खोलीत आणली. तिथून रस्ता दिसतो, म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्यावर ओरडता येतं. दुसऱ्याच दिवशी मी अंगणात गेले तेवढ्यात त्या स्वयंपाकघरात. "बसून करतंय गो, उबी कुठं हाय?" पुढ्यात परात. मी परात उचलून वरच्या मजल्यावर भाडेकरूंकडे ठेवून आले. दुखतंय का विचारलं की "नाय." पण कूस बदलताना ओठ दाबलेले असायचे. मग मी विचारायचंच सोडलं आणि वेळेवर गोळी हातावर ठेवू लागले. मनस्वी हात वर करून "आजी, उचल" म्हणाली की माझा जीव वर खाली. "वजन कुठं हाय पोरीला," आई म्हणायच्या. आजीच्या हिशेबात नातीला वजन नसतंच. शेवटी मी मनस्वीला खाटेवर चढायला शिकवलं, आईंच्या उशाकडून.

टाके बघून डॉक्टरांनी सगळं छान आहे म्हटलं, त्याच संध्याकाळी शेजारच्या भागीरथीकाकू आल्या. सोबत आईंबरोबर भाकऱ्या करणाऱ्या दोघी तिघी. मी आत चहा टाकत होते. काकूंना सगळ्या गावाची बातमी असते, आणि काडी टाकायची सवय.

"पुतले, आयकला ता खरा काय गो? तुज्या सुनंनी हास्पिटलात समद्यांसमोर तुजा नाक कापला?"

माझा हात साखरेच्या डब्यात तसाच राहिला. आईंची खाट करकरली, बहुतेक उशीला टेकून बसल्या असाव्यात.

"कापलान ना," आई म्हणाल्या. "चारचौघांत कापलान. पन त्याच नाकातला स्वास चालू ठेवलान तिनं. तू अस्तीस तं गप ऱ्हाली अस्तीस."

बाकीच्या हसल्या. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. आणि राग तर असा आला की काय सांगू. एवढे दिवस मी रोज या बाईच्या हातावर गोळ्या ठेवतेय, आणि हे हिने सांगितलं कोणाला, तर भागीरथीकाकूंना!